ओळीखालचं बोट

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या आधीची गर्दी होती. नवी पेठेत साडीला फॉल घ्यायला गेले होते. दुकान म्हणजे बोळाच्या तोंडाशी असलेलं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं मॅचिंग सेंटर. तिन्ही भिंतींना छतापर्यंत अस्तरं, ब्लाउजपीस, लेसची रिळं. काउंटरच्या मागे, गठ्ठ्यांना पाठ टेकून, सातेक वर्षांची एक मुलगी मांडीवर मोबाइल घेऊन बसली होती. आधी वाटलं, कुणाशी तरी बोलतेय. मग लक्षात आलं की ती वाचतेय. मोठ्याने. फोनला वाचून दाखवतेय.

"काय वाचलालीस गं?" मी वाकून विचारलं.

तिनं वर न बघता एक बोट ओठांवर ठेवलं.

"तेवढी गोष्ट होऊ द्या, काकू," तिची आई फॉलचा रंग साडीच्या काठाला लावून बघत म्हणाली, "मग बोलंल तुमच्याशी." या बाई शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू. "मला मराठी बोलायला येतंय, वाचायला कुठं येतंय? मी तेलुगू शाळेत, ते पण सातवीपर्यंत. हिला मराठी शाळेत घातलंय. मग हिचं ऐकणार कोण? फोन ऐकतंय."

फोन ऐकतंय. त्या दोन शब्दांनी मला घरी येईपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर तेच ॲप मी माझ्या फोनवर उतरवलं, गूगलचं 'रीड अलाँग', आणि तीन संध्याकाळी त्यातल्या लहान मुलांच्या गोष्टी मोठ्याने वाचत बसले. ॲपचं रसग्रहण करतात का, असं कुणी विचारेल. कवितेचं करतात, कथेचं करतात, फार तर सिनेमाचं. पण ज्या वस्तूत शब्द, आवाज, लय आणि थांबा या चारही गोष्टी आहेत, तिचं करायला हरकत नसावी. शिवाय माझा धंदाच असा की छापील ओळ दिसली की तिच्याखाली पेन्सिल सरकू लागते. आयुष्य मुद्रितशोधनात गेलं.

आधी पडदा. वर चित्र, खाली एखाददुसरं वाक्य, कोपऱ्यात दीया नावाची एक चित्रातली मुलगी. दीया आधी बोलते, मग गप्प होते. तिचं गप्प होणं हा या रचनेतला पहिला सुंदर भाग. मुलांसाठीची बहुतेक ॲप्स गप्प बसूच शकत नाहीत; टाळ्या, ढोल, उड्या मारणारे प्राणी, नाचणारी फळं. इथे मात्र दीया गप्प होते आणि मूल बोलू लागतं. मूल वाचत जातं तसतसे वाक्यातले शब्द एकेक करून रंग बदलत जातात. शब्द अडला तर त्याच्यावर बोट टेकवायचं. दीया तो उच्चारून दाखवते. बरोबर आलं तर शाबासकी आणि तारे. बस्स, एवढाच ऐवज.

आमच्या लहानपणी ओळीवरून सरकणारं एक बोट असायचं. आजीचं असेल नाहीतर मोठ्या बहिणीचं. नख तुटलेलं, हळद लागलेलं. ते बोट शब्दाच्या आधी कधी जायचं नाही, शब्द झाला की पुढच्या शब्दाखाली येऊन थांबायचं. वाचन शिकताना अक्षरांइतकंच महत्त्वाचं असतं ते हे थांबणं: इथे आहेस तू, अजून इथेच आहेस, घाई नाही. रंग बदलत जाणारा शब्द म्हणजे तेच बोट. फरक असा, की आजीचं बोट अधूनमधून ओळ सोडून डोक्यावर टपली मारायचं.

आता ती मुलगी जे वाचत होती त्याकडे येते. गोष्टीतलं मांजर वर चढलं होतं आणि त्याला उतरता येत नव्हतं, एवढं मला ऐकून कळलं. 'मांजर' सहज गेलं. 'चढलं' गेलं. मग 'छपरावर' आला आणि ती अडली. छ... प... रा... असं अक्षर लावत गेली, तिथे थांबली, आणि मग "छपरा" असा एक वेगळाच शब्द तयार करून, "वर" वेगळं म्हणून मोकळी झाली. पुन्हा मागे आली. पुन्हा तेच.

या एका शब्दात मराठी वाचनाची सगळी अडचण भरलेली आहे. तिला 'छप्पर' माहीत असणार. पण पानावर छप्पर नाहीच. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना मराठी नामाचा चेहरा बदलतो, जोडाक्षर सुटतं, शेवटी काना येतो आणि 'वर' त्याला चिकटून बसतो. हिंदीत 'छप्पर पर' असे दोन सुटे शब्द, दोन्ही ओळखीचे. मराठीत एकच लांब शब्द, आणि तो मुलाने आजवर असा लिहिलेला पाहिलेलाच नाही. आपण मोठी माणसं याला सामान्यरूप म्हणून मोकळे होतो. सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हा ओळखीच्या माणसाने अचानक मिशी काढून समोर येण्याचा प्रकार आहे.

म्हणूनच मला मिनिटाला किती शब्द हे माप थोडं खटकतं. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. माप असायला हवं, त्याशिवाय मूल मागे पडलंय हे कळतच नाही. पण हिंदीतले 'घर के सामने वाला' हे चार शब्द मराठीत 'घरासमोरचा' या एका शब्दात मावतात. हिंदीचं मूल आणि मराठीचं मूल एकाच घड्याळाखाली बसवलं तर आपलं मूल विनाकारण हळू ठरायचं. शब्द मोजण्यापेक्षा अक्षरं मोजली तर कदाचित न्याय होईल.

मुलीने शेवटी 'छपरावर'वर बोट टेकवलं. दीयाने शब्द अखंड म्हटला. मुलगी दोन क्षण गप्प, मग "हां, छपरावर!" अशी ओरडली, जणू हरवलेली चप्पल सापडली. आईने गिऱ्हाईकाकडून लक्ष न काढता मान डोलावली. तो शब्द त्या मुलीला ऐकून आधीच येत होता. फक्त पानावरचा आणि कानातला हे दोघं एकच आहेत, हे कुणीतरी त्या क्षणी सांगायला हवं होतं. वाचनाचं सगळं शिक्षण या क्षणाभोवती फिरतं. मास्तर हेच करतात, आजी हेच करायची. मास्तरांपुढे चाळीस मुलं असतात, आणि आजी आता पुण्याला धाकट्या काकांकडे असते.

या ॲपचा जन्मही ऐकण्यातूनच झाला, असं म्हणायला जागा आहे. मार्च २०१९ मध्ये ते 'बोलो' या नावाने आपल्या देशात आलं, तेव्हा फक्त हिंदी आणि इंग्रजी होतं. त्याआधी उत्तर प्रदेशातल्या सुमारे २०० गावांत 'असर' केंद्राच्या मदतीने ते वापरून पाहिलं गेलं. तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारलं असं कंपनीने जाहीर केलं. आकडा कंपनीचा, तेव्हा तो तेवढ्याच विश्वासाने घ्यावा. मला मात्र आकड्यापेक्षा जोडी महत्त्वाची वाटते. 'असर'वाले २००५ पासून काय करतात? घरोघर जाऊन एकेका मुलापुढे एक कागद धरतात, वर अक्षरं, मग शब्द, मग सोपा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, आणि मूल कुठवर पोचतं ते ऐकतात. लेखी परीक्षा नाही. समोर बसून कान देणं. देशातल्या लाखो मुलांना वाचता येत नाही हे आपल्याला या कान देण्यातून कळलं, गुणपत्रिकेतून नव्हे.

'बोलो' आलं त्याच वर्षी मराठीही त्या ॲपमध्ये आली, आणि मे २०२० मध्ये, सगळ्या शाळांना कुलूप असताना, ते 'रीड अलाँग' या नावाने जगभर गेलं. तेव्हाच्या नऊ भाषांत हिंदी, मराठी, तेलुगू आणि उर्दू होत्या. सोलापूरकर ही यादी वाचताना पाचवं बोट मोजायला जातो आणि अडतो: कन्नड कुठाय? आमच्या गावात या पाचही भाषा एका रिक्षात बसतात. जत्रेत सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजामागे चालणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी कन्नडच बोलतात.

कन्नडचं नाव निघालं की माढा तालुक्यातलं परितेवाडी आठवतंच. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे सगळ्यांना पाठ आहे. पुस्तकावरचे क्यूआर कोडही आता सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या पुरस्काराच्या निवेदनातली दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तकाची मराठी, हे पाहून गुरुजी आधी स्वतः ती भाषा शिकले, मग कोडमागे मुलांना कळतील असे आवाज, कविता आणि गोष्टी ठेवल्या. काळ्या-पांढऱ्या चौकोनाचं कौतुक खूप झालं. चौकोनामागे कुणाची भाषा आहे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला होता.

काउंटरमागच्या त्या मुलीची घरची भाषा तेलुगू, आणि यात तिचं नुकसानच आहे असं समजायचं कारण नाही. चमच्यातला 'च' आणि चिमणीतला 'च' वेगळे, हे हिंदीच्या मुलाला वेगळं शिकावं लागतं. तेलुगूत हा भेद आहेच. 'ळ' तर तेलुगूच्या अंगणातला. अंकलिपीत बिचाऱ्या 'ण' आणि 'ळ' यांची नेहमी पंचाईत होते, कारण ही दोन अक्षरं शब्दाच्या दारात कधी उभी राहत नाहीत. म्हणून बाणातला 'ण' आणि बाळातला 'ळ'. आमच्या या मुलीच्या तोंडी ते दोन्ही अगदी स्वच्छ होते. तिची सवय वेगळीच होती. तेलुगू शब्दाला शेवटी स्वर लागतो, म्हणून ती 'मांजर'चा 'र' किंचित लांबवून सोडायची, जणू शब्दाचं दार लोटून घेतलंय पण कडी लावलेली नाही. फोनने ते चालवून घेतलं. मीही घेतलं. सोलापूरची मराठी तशीच गोड आहे.

लिपीबद्दल मात्र मुद्रितशोधकाची एक तक्रार आहे, आणि ती कुणा एकावर नाही. मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तसंच आहे, बालभारतीच्या पुस्तकातही. पण फोनच्या पडद्यावर देवनागरी म्हटलं की बहुतेक वेळा हिंदीचा दंडाचा 'ल' आणि गाठीचा 'श' हजर होतात. दुसऱ्या एका ॲपमध्ये, नाव कशाला घ्या, 'दऱ्या' आणि 'दर्या' दोन्ही एकसारखेच छापलेले सापडले. म्हणजे डोंगरात उतरायचं की समुद्रात, हे मुलाने ठरवायचं. मोठ्या माणसाचा डोळा हे नकळत सांभाळून घेतो. पाटीवर पाकळीचा 'ल' गिरवून आलेलं मूल पडद्यावर दंडाचा 'ल' पाहतं, तेव्हा त्याला ते नवंच अक्षर वाटतं.

आणि 'ॲप' हा शब्द? आम्ही बाराखडी घोकली तिच्यात 'ॲ' नव्हताच. तो आणि 'ऑ' रीतसर मालिकेत आले आणि शाळेतली बाराखडी चौदाखडी झाली. संगणकाच्या युनिकोडमध्येसुद्धा 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्यामुळे कित्येक वर्षं आम्ही प्रुफात 'अ‍ॅ' असा 'अ'ला टोपी चढवून काम भागवत होतो. आज सात वर्षांचं मूल ज्या वस्तूने वाचायला शिकतं तिच्या नावाचं पहिलं अक्षरच त्याच्या आजीच्या अंकलिपीत नव्हतं.

गोष्टींबद्दल थोडक्यात. ॲपमधल्या बऱ्याच गोष्टी 'प्रथम बुक्स'च्या. या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' नावाचं खुलं दालन उघडलं, जिथून कुणीही गोष्ट घ्यावी, आपल्या भाषेत न्यावी, छापावी, वाटावी. पहिल्या पातळीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आत. अडीचशे शब्दांत गोष्ट सांगणं किती अवघड असतं ते लिहिणाऱ्यालाच कळतं. काही अनुवाद सुरेख आहेत, काहींत हिंदीचा वास येतो. चांगल्या गोष्टीची खूण अशी, की ती वाचताना मूल पुढच्या पानाची घाई करतं आणि तारे मोजायला विसरतं. तारे मला फारसे आवडले नाहीत. पण मी सात वर्षांची नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तिकडे येते. छापखान्यात आम्ही प्रुफं जोडीने तपासायचो. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, "स्वल्पविराम", "पूर्णविराम", "नवा परिच्छेद" हेसुद्धा तोंडाने म्हणायचं. दुसरीने प्रुफावर पेन्सिलचं टोक शब्दाशब्दाखालून न्यायचं. ऐकणारीच्या हातात कागद असायचा आणि कानात आवाज, आणि दोन्ही जुळले नाहीत की ती "थांब" म्हणायची. रीड अलाँगचं यंत्र नेमकं हेच करतं. ते भाषा समजून घेत नाही. वाक्य कोणतं येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. आलेला आवाज त्या वाक्याशी जुळतो का, एवढंच ते बघतं. आवाज ओळखण्याचं हे काम फोनच्या आतच होतं, त्यामुळे एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की नेट नसलं तरी चालतं. दुकानातली ही आई रोजचा डेटा कसा पुरवते ते पाहिलं तर ही बाब लहान नाही.

फरक आहे तो विश्वासाचा. आमच्या टेबलावर छापलेला कागद हा संशयित असायचा. वाचणारीवर विश्वास, छापलेल्यावर नाही. चूक शोधायची ती कागदात. ॲपच्या जोडीत कागद निर्दोष आहे आणि संशयित आहे वाचणारं मूल. शिकताना हे असंच असावं लागतं, मला मान्य आहे. सुरुवातीला मुलाने छापलेल्यावर विश्वास ठेवला नाही तर ते वाचणारच नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांना अक्षरांच्या छोट्या गटांपासून लगेच अर्थाच्या शब्दांकडे नेण्याचं जे काम केलं, त्याच्याही मुळाशी हाच विश्वास होता: अक्षर लाव, त्यातून खरोखरीचं काहीतरी निघेल. ॲप तो विश्वास न थकता, न रागावता, शंभराव्यांदाही त्याच आवाजात देतं. रात्री साडेनऊला शटर ओढेपर्यंत ज्यांना मुलाकडे बघायला सवड नाही त्यांच्या घरात हे फार मोठं दान आहे. त्यापुढे जाऊन कागदावर शंका घ्यायला ते शिकवू शकत नाही. ते त्याचं कामच नाही.

महिन्याभराने पुन्हा नवी पेठेत गेले. यावेळी पिकोला दिलेली साडी आणायची होती. मुलगी तिथेच, गठ्ठ्यांना टेकून. फोन चार्जिंगला लावलेला. मांडीवर दुकानाच्या नव्या कापडी पिशव्यांचा ढीग, शंभराचा गठ्ठा सोडून ती मोजत होती आणि मोजता मोजता वाचतही होती. बोट पिशवीवर टेकवून.

"मॅ-चिं-ग," ती म्हणाली. "सें-ट-र. मॅचिंग सेंटर." 'मॅ' तिला अडला नाही. मग खालची ओळ. "फॉल. अस्तर. सा-ड-या." थांबली. पुन्हा, "सा-ड-या." माझ्याकडे बघितलं. "आज्जी, साडया म्हंजे काय?"

मी पिशवी हातात घेतली. छापणाऱ्याने 'ड'चा पाय मोडायचा राहून गेला होता. लाल शाईत, ठसठशीत: साडया. आई काउंटरवरून वाकली. "साड्या गं, साड्या. नीट वाच की."

मुलीने पुन्हा बोट ठेवलं. तिचे कान लाल झाले होते. अक्षरांखालून बोट सावकाश नेत तिने पुन्हा वाचलं, आणि या वेळी आवाज थोडा खाली गेला, पण बदलला नाही. "सा. ड. या."

"बरोबर वाचलंस," मी म्हटलं. "पिशवी चुकलीय."

तिला ते पटेना. पिशवी कशी चुकेल? तिने ढिगातली दुसरी पिशवी ओढली, उलटी होती ती सुलटी केली, आणि बोट ठेवलं. मग तिसरी.